बास्केट वीव्हची वीण पट्ट्यावर सरकते आणि होल्स्टरवर पुसट होते, ती का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. ३८ मिमी रुंदीचा चामड्याचा पट्टा आणि त्याच्या जोडीचा होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान), दोन्हींवर बास्केट वीव्ह, म्हणजे ठशानं उमटवायची टोपलीच्या विणीसारखी नक्षी, ठोकलं. पट्ट्यावर वीण बऱ्याच लांबीपर्यंत नीट राहिली, मग हळूहळू एका कडेकडे सरकली. छाप फिकी पडली. पट्टा कापला होता त्यापेक्षा लांब झाला आणि भोकं चुकली. होल्स्टरवर वीण चांगली उमटली होती, पण पिस्तुलाचा आकार द्यायला ओला केल्यावर ती पुसट झाली. आता जास्त महागाचा ठसा घ्यावा का?

ठसा बदलू नका. यातल्या तीन अडचणी पाण्याच्या आणि आखणीच्या आहेत, चौथी कामाच्या क्रमाची आहे. ही वीण म्हणजे काम संपल्यावर वरून लावायची सजावट असं समजून बहुतेक जण सुरुवात करतात, मीही तशीच केली होती. पण ठसा मारताना चामडं दबतं, पसरतं, लांब होतं, आणि पुन्हा भिजवलं की दबलेलं थोडं वर येतं. म्हणून पट्ट्याची लांबी, होल्स्टरचा नमुना, शिलाईची जागा हे सगळं विणीला धरूनच ठरवावं लागतं.

चामडं कोणतं वापरलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. छाप फिकी पडते म्हटल्यावर माझी पहिली शंका तिथेच जाते. या कामाला झाडाच्या साली-फळांतल्या टॅनिननं कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅन चामडंच लागतं. क्रोमनं कमावलेलं चामडं मऊ आणि लवचीक असतं, ठसा मारला की ते रबरासारखं परत वर येतं. ओलं करून दिलेला आकारही ते धरून ठेवत नाही, त्यामुळे होल्स्टरला ते चालतच नाही. ओळखायला सोपं आहे: कापलेली कड बघा. व्हेज टॅन आतपर्यंत फिकट तपकिरी दिसतं, क्रोमचं बहुतेकदा आतून निळसर-राखाडी असतं. पाण्याचा थेंब टाकला तर न रंगवलेलं व्हेज टॅन तो शोषून लगेच गडद होतं. वरून आधीच रंग किंवा पॉलिश चढवलेलं चामडं असेल, तर ते व्हेज टॅन असूनही पाणी आत घेणार नाही, आणि मग छाप वरवरचीच राहील.

जाडी आणि जागा दोन्ही बघून घ्या. एकेरी पट्ट्याला ४ ते ४.८ मिमी, दुहेरीला अडीच मिमीच्या आसपासचे दोन थर, होल्स्टरला ३ ते ३.५ मिमी, हे माझं ठरलेलं माप आहे. दुकानात जाडी औंसात सांगतात. १ औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी. पट्टा नेहमी पाठीच्या भागातून, कण्याच्या रेषेला समांतर कापायचा. पोटाकडचं चामडं सैल तंतूंचं असतं. त्यावर ठसे एका दाबानं मारले तरी एक खोल आणि शेजारचा उथळ दिसतो, आणि वापरात पट्टा ताणला जातो तो वेगळाच.

आता पाणी. मी शिकवते तेव्हा अर्धा वेळ याच्यावर जातो. नुसतं स्पंज फिरवून लगेच ठोकायला बसलात तर वरचा पापुद्राच ओला असतो. ठसा त्यातून खाली जातो, पण खालचं कोरडं चामडं त्याला सामावून घेत नाही. उलट ठिबकेपर्यंत भिजलेलं असेल तर छाप मऊ चिखलात बोट रुतल्यासारखी पडते आणि कडा गोलावतात. हवं असतं ते मुरलेलं चामडं. दोन्ही बाजूंनी स्पंजनं सारखं पाणी द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काढून पृष्ठभाग उघड्यावर वाळू द्या. रंग जवळजवळ मूळचा झाला, पण गालाला लावल्यावर अजून गार लागतंय, तो क्षण ठोकायचा. बरोबर ओल असेल तर छापेच्या तळाला चामडं गडद होतं, भाजल्यासारखा तपकिरी रंग येतो, आणि तो वाळल्यावरही तसाच राहतो. फिकी छाप म्हणजे बहुतेक वेळा कमी किंवा जास्त पाणी. हाताचा जोर कमी पडला हे कारण क्वचितच असतं, आणि जोर वाढवत गेलात तर चामडं कापलं जाईल.

एक मीटर पट्टा एका बैठकीत संपत नाही. ९ मिमी बाय ६ मिमीचा ठसा घेतला आणि दोन्ही कडांना ४ मिमी सोडले, तर मध्ये ३० मिमीची पट्टी उरते. ठशाच्या टोकांच्या दांड्या एकमेकींवर चढतात ते धरलं तरी मीटरभरात सुमारे ६०० छापा होतात. म्हणून जेवढ्यावर काम चालू आहे तेवढाच तुकडा उघडा ठेवा, बाकीचा प्लॅस्टिकखाली. मध्येच वाळायला लागला तर फक्त त्या जागी पाणी शिंपडू नका, डाग पडतो. कडेपासून कडेपर्यंत ओला स्पंज एकदा फिरवा आणि दहा मिनिटं थांबा.

ओल्या चामड्याला लोखंड लागू देऊ नका. चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड यांची रासायनिक क्रिया होऊन निळा-काळा डाग उमटतो. गंजका ठसा, हातोडीचा तुकडा, कानशीच्या कामाचा कीस टेबलावर राहिला असेल तर तोसुद्धा पुरतो. हलका डाग लिंबाच्या रसानं फिकट होतो, जुना झाला की जात नाही. हीच क्रिया मुद्दाम घडवून, लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये मुरवून चामडं काळं करायची जुनी पद्धत आहे. तो काळा रंग चामड्याच्या आतच तयार होतो, म्हणून कपड्यांना लागत नाही. काळ्या पट्ट्यासाठी मला तोच आवडतो.

आखणीकडे येते. वीण सरकते याचं कारण साध्या भूमितीत आहे. ठशाचा हात एका अंशानं फिरला, तर ३०० मिमी अंतरावर ती ओळ ५ मिमी बाजूला गेलेली असते. म्हणजे जवळजवळ एक अख्खी ओळ. पट्ट्याच्या लांबीला समांतर ओळी ठोकत गेलात तर ही चूक साठत जाणारच, आणि शेजारी पट्ट्याची सरळ कड असल्यामुळे ती लगेच डोळ्यात भरते. म्हणून पट्ट्यावर वीण तिरकी मारायची. कडेशी ३० अंशांचा कोन करून रेघ मारली, तर ३० मिमीच्या पट्टीत ती ओळ फक्त ६० मिमी लांबीची होते. एका अंशाची चूक तिथे १ मिमीच्या आसपास राहते आणि कडेशी जाऊन ती ओळ संपते. दर ८-१० सेंटिमीटरवर त्याच कोनाची नवी समांतर रेघ आधीच आखून ठेवा, म्हणजे ओळीमागून ओळ साठणारी चूकही तिथे पकडली जाते. रेघ बोथट टोकानं, अगदी हलकी; पेन्सिल किंवा पेन वापरू नका, शाई कायमची राहते. कोनासाठी जाड पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून ठेवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा.

ठसा नीट निरखून पाहा. दोन्ही टोकांना एकेक दांडी आणि मध्ये विणीच्या रेषा, अशी त्याची रचना असते. पहिली ओळ त्या तिरक्या रेघेला ठशाची लांब कड लावून मारायची. दुसरी छाप मारताना तिची डावी दांडी पहिल्या छापेच्या उजव्या दांडीवर नेमकी चढली पाहिजे. शेजारी नाही, वर. दोन दांड्या शेजारी-शेजारी पडल्या तर वीण तुटक दिसते, आणि नवशिक्यांच्या कामात हीच खूण सगळ्यात आधी दिसते. पुढची ओळ विटांच्या बांधकामासारखी अर्ध्यानं सरकवायची: नव्या छापेची दांडी वरच्या छापेच्या बरोबर मध्यावर. पट्टी वर गेली, पट्टी खाली गेली असा भास तिथेच तयार होतो. पहिल्या ओळीला मी पुढच्या तीन ओळींएवढा वेळ देते, कारण पुढच्या सगळ्या ओळी तिच्यावरून माप घेतात.

ठसा मारताना त्याच्यावर वरून नका पाहू. किंचित बाजूनं, दांडी दिसेल असं बसा. प्रकाश एका बाजूनं आणि कमी उंचीवरून, तिरका यावा, म्हणजे आधीच्या छापेची सावली पडते आणि दांडी कुठे टेकते आहे ते कळतं. ठसा टेकवल्यावर हलकेच दाबा, त्याची दांडी जुन्या खाचेत 'बसल्याचं' बोटांना जाणवतं. मग एकच घाव. खाली ग्रॅनाइट किंवा संगमरवराची जाड लादी, हातात नायलॉनची किंवा कच्च्या चामड्याची मोगरी, साधारण ४५० ग्रॅमची. लाकडी टेबल घाव शोषून घेतं. दोनदा मारावं लागलं की ठसा उडतो आणि दुहेरी रेष पडते. थकलात की थांबा; थकलेल्या हाताचे घाव वेगवेगळ्या खोलीचे पडतात आणि ते रंग दिल्यावरच दिसतात.

कडेला अख्खा ठसा मावत नाही तिथे तो, वीण जिथे थांबते त्या सीमारेषेकडून थोडा उचलून, आतल्या बाजूला झुकवून मारायचा, म्हणजे छाप आत पूर्ण खोल आणि रेषेकडे जाताना विरत जाते. सीमारेषा ओलांडली तर दुरुस्ती नाही. ती रेषा आधीच फिरत्या पात्याच्या सुरीनं, जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल, कापून घ्या आणि आतली बाजू बेव्हेलरनं, म्हणजे कड उतरती करायच्या ठशानं, दाबा. विणीच्या शेवटाला अर्धगोल किनारठशांची एक ओळ दिली की विरलेली टोकं झाकली जातात. सीमारेषा आणि शिलाईची खाच यांत किमान २ मिमी सोडा. माझ्या सुरुवातीच्या एका पट्ट्यावर मी दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणी घेतल्या, आणि वर्षभरात तिथे चामडं चिरत गेलं.

पट्टा लांब झाला याचं कारण तेच, चामडं पसरलं. उपाय दोन आहेत, मी दोन्ही करते. ठोकण्याआधी मागच्या खरबरीत बाजूला रुंद चिकटपट्टी लावते, ती पसरणं बरंच अडवते. कोरडं झाल्यावर ती अलगद काढायची. आणि पट्टा दोन्ही टोकांना जास्त ठेवून, ठोकून पूर्ण वाळल्यानंतरच टोक कापायचं, बक्कलची घडी आणि भोकं पाडायची. वापरायचं माप म्हणजे बक्कलच्या घडीपासून मधल्या भोकापर्यंतचं अंतर. एकूण पाच भोकं, दोन भोकांत २५ मिमी. होल्स्टर पँटच्या आत, कमरेला घालायचा असेल तर तो घालूनच माप घ्या, नाहीतर भोकं पुन्हा चुकतील. घडीच्या जागी चामडं निम्म्या जाडीपर्यंत तासा आणि त्या भागावर वीण मारू नका. दाबलेलं आणि तासलेलं चामडं तिथे दुमडताना तडकतं.

भरलेलं मोठं पिस्तूल एक किलोच्या घरात जातं, तेव्हा हा पट्टा साधा पट्टा राहत नाही. मऊ अस्तर लावू नका. अस्तरही पाठीच्या भागाचंच, ताठ व्हेज टॅन घ्या, आणि ते ठोकणं पूर्ण झाल्यावर, चामडं वाळल्यावर चिकटवा. आधी चिकटवून ठोकलंत तर वरचा थर पसरतो, खालचा पसरत नाही, आणि पट्टा धनुष्यासारखा वाकतो.

होल्स्टरचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध जातात. वीण पाडताना चामडं दाबून बसवलेलं असतं. आकार देताना तेच चामडं पुन्हा भिजतं आणि ताणलं जातं. भिजलं की दबलेले तंतू फुगून थोडे वर येतात, ताणलं की दांड्यांमधलं अंतर वाढतं. हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्टीनं घासून पिस्तुलाची प्रत्येक कड उठवायला गेलात, तर विणीचे उंचवटे अक्षरशः इस्त्री होतात. तुमच्याकडे तेच झालं असणार.

मी क्रम असा ठेवते. पुठ्ठ्यावर नमुना काढल्यावर, जिथे सगळ्यात जास्त फुगवटा येणार आहे ती जागा, म्हणजे ट्रिगर गार्डचा (चापाभोवतीच्या कड्याचा) भाग आणि रिव्हॉल्व्हर असेल तर काडतुसांचा फिरता सिलिंडर, आधी खूण करून घेते. ट्रिगर गार्डभोवतीचा भाग साधा ठेवते, वीण तो सोडून एका बंद चौकटीत. मग सपाट चामड्यावर, नेहमीपेक्षा थोडी खोल वीण, आणि पूर्ण एक दिवस वाळवणं. हा दिवस वाचवू नका. त्यानंतर तोंडाच्या कडा घोटणं, चिकटवणं, शिलाई. मग होल्स्टर कोमट पाण्यात बुडवून दहा-पंधरा सेकंदांत बाहेर काढायचा, पुसायचा, अर्धा तास ठेवायचा आणि आकार फक्त बोटांनी द्यायचा. घासायची पट्टी फक्त साध्या भागावर. विणीच्या भागावर बोटाच्या पेरानं दाब, सरकवणं नाही. रबरी गादीची प्रेस या कामाला वापरू नये, ती उंच-सखल सगळं एकसारखं दाबते. सिलिंडरवर वीण थोडी उघडणारच; ती लपवायची गरज नाही, पण तिथे किनारठसा नको, कारण त्याची सरळ ओळ वाकडी झाल्याचं पटकन दिसतं.

वाळवताना घाई नको. पंख्याखाली रात्रभर उत्तम. उष्णता दिलीच तर ५० अंश सेल्सियसच्या वर जाऊ नका. ओलं चामडं जास्त तापलं की आक्रसतं आणि ठिसूळ होतं, ते परत येत नाही.

आकार द्यायला घन प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची नक्कल वापरा, खरं शस्त्र नाही. नाहीच मिळाली, तर काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत, चेंबर (काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी आणि बोटानं दोनदा तपासलेलं, आणि शस्त्र पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. ओल्या चामड्यानं निळसर पॉलिशवर एका रात्रीत गंज चढतो. तयार होल्स्टरमध्ये ट्रिगर गार्ड पूर्ण झाकला गेला पाहिजे, बाहेरून ट्रिगरपर्यंत काहीही पोहोचता कामा नये. तोंड उघडं राहावं म्हणून तिथे चामड्याची एक जादा पट्टी शिवा. मऊ पडून आत दुमडलेली तोंडाची कड पिस्तूल परत ठेवताना ट्रिगरवर दाब देऊ शकते. असा होल्स्टर कितीही सुंदर असला तरी मी दुरुस्त करत नाही, कापून टाकते. रिकामं पिस्तूल घालून उलटा धरून हलकेच हलवला, तर ते निसटू नये.

शिलाईवर फार लिहीत नाही, तुमच्या वर्णनावरून ती जमते आहे. दोन सुया, एक मेण लावलेला दोरा, शिवणीच्या लांबीच्या चौपट. इंचाला सहा टाके पुरे. त्याहून दाट टाके घातलेत तर आरीच्या भोकांची ओळ चामडं फाडते. छोटा सल्ला एवढाच की शिवणीच्या दोन्ही टोकांना तीन टाके उलटे घ्या.

रंग आणि तेल यांत विणीचा खरा फायदा दिसतो. अल्कोहोलचा रंग दोन पातळ हातांत, दुसरा हात पहिल्याला आडवा. वाळला की कोरड्या कपड्यानं सुटा रंग निघेपर्यंत घासा, नाहीतर तो पांढऱ्या सदऱ्यावर उतरेल. मग ऍक्रेलिकचा एक पातळ थर, आणि तो सुकल्यावर गडद अँटिक पेस्ट लावून लगेच पुसायची. पेस्ट खाचांत राहते, उंचवट्यांवरून निघते, आणि वीण उठून दिसते. हा थर न देता पेस्ट लावलीत तर सगळंच एकरंगी काळपट होईल. नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं) पट्ट्याला एक हलका हात चालतं. होल्स्टरला मी जवळजवळ लावतच नाही, कारण तेलानं चामडं मऊ होतं आणि दिलेला आकार सैल पडतो. कडांना २२०, ४००, ६०० नंबरचा सँडपेपर क्रमानं, मग थोडं पाणी, लाकडी दांड्यानं घोटणं, वर मधमाशीचं मेण. पिस्तूल कपाटात ठेवताना होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं हवेतली ओल धरून ठेवतं आणि टॅनिन आम्लधर्मी असतं.

तुमच्या हातातल्या दोन वस्तूंचं काय करायचं ते सांगते. पट्ट्याला अस्तर आणि रंग लागलेला नसेल तर तो वाचेल: पुन्हा मुरवा, चिकटपट्टी लावा, आणि जिथपर्यंत वीण सरळ आहे तिथपर्यंत त्याच खाचांत ठसा बसवून पुन्हा मारा. सरकलेल्या भागाच्या आधी किनारठशाची आडवी ओळ देऊन वीण तिथे संपवा, पुढचा भाग कापून टाका आणि उरलेल्याचा लहान मापाचा पट्टा करा. होल्स्टर शिवलेला आहे, त्यावर पुन्हा ठोकता येणार नाही, कारण आत लादी जात नाही. तो तसाच वापरा, फक्त ऍक्रेलिकचा पातळ थर देऊन वर अँटिक पेस्टचा एक हात द्या. पुसट वीणही त्यानं बरीच वर येते. नव्या होल्स्टरच्या आधी त्याच कातड्याच्या ३० सेंटिमीटरच्या तुकड्यावर तिरकी वीण मारा, तो वाळवा, पंधरा सेकंद बुडवा, बाटलीवर वाकवून परत वाळवा. वीण किती उरली ते दिसेल. तुकड्याच्या मागे किती तास मुरवला ते लिहून ठेवा, आणि पुढच्या कामाला तेवढेच तास द्या.